उतरलेला काटा

पर्वतावर धूर दिसला म्हणजे तेथे अग्नी असला पाहिजे, हे नैयायिकांचे अनुमान तर्कसंग्रहाच्या पहिल्याच वाचनात इतके अंगवळणी पडते, की त्यात शंका घेण्यासारखे काही आहे असे विद्यार्थिदशेत तरी कोणाला वाटत नाही. मलाही वाटले नव्हते. अन्नंभट्टाचा तो चिमुकला ग्रंथ, 1897 साली मुंबईत निघालेल्या आथल्ये-बोडसांच्या आवृत्तीतून, मी कॉलेजात असताना वाचला, परीक्षेपुरता पाठ केला, आणि पुढे तोच इतरांना शिकविण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालविली. परंतु धूर दिसेनासा झाला म्हणजे अग्नीही विझला असे धरून चालावे काय, हा उलट दिशेचा प्रश्न मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, वैशाखातल्या एका दुपारी, मरोळ-मरोशी रस्त्याच्या कडेला माझ्या जुन्या पद्मिनी मोटारीचे बॉनेट उघडून उभा राहिलो असताना प्रथमच मनापासून पडला, आणि तो मोटारीपुरता राहिला नाही.

ही मोटार माझ्या घरापासून फार दूर जन्मलेली नाही. शेठ वालचंद हिराचंदांनी 1944 साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीचा कुर्ल्याचा कारखाना मरोळपासून चार-पाच मैलांच्या आतच होता. तेथे निघणाऱ्या फियाट अकराशे जातीच्या गाडीला 1974 पासून पद्मिनी हे नाव मिळाले, आणि नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहण्याच्या त्या काळात माझी पाळी 1986 साली आली. चार सिलिंडरांचे 1089 सीसीचे इंजिन, चक्राच्या दांड्यावर बसविलेला गिअर, आणि दार लावताना होणारा तो भरीव आवाज, एवढ्या भांडवलावर तिने माझ्या संसाराची सारी कारकीर्द पाहिली. टॅक्सी म्हणून धावणाऱ्या तिच्या बहिणींना वीस वर्षांच्या नियमाने 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यांवरून निरोप मिळाला. माझी खासगी असल्यामुळे आणि मी हट्टी असल्यामुळे राहिली.

त्या दुपारी मी बोरिवलीहून परतत होतो. हायवेवर गाडी चांगली पळत असताना तापमानाचा काटा मध्यावरून सरकू लागला, जोगेश्वरीला विक्रोळीच्या जोडरस्त्याला लागेपर्यंत तांबड्या पट्ट्याला भिडला, आणि बॉनेटच्या फटींतून पांढरे लोट बाहेर येऊ लागले. शेजारून जाणाऱ्या रिक्षावाल्याने ‘धूर निघतोय’ म्हणून ओरडून सांगितले. धूर नव्हता तो, वाफ होती; आणि वाफेला धूर समजून अग्नीचे अनुमान करणे हा काही आजचा प्रमाद नव्हे, कारण धर्मकीर्तीसारख्या बौद्ध तार्किकाने सातव्या शतकात ‘न्यायबिंदू’त संदिग्धासिद्ध हेत्वाभासाचा दाखला देताना नेमके हेच उदाहरण घेतलेले आहे: समोर दिसते ते धूर आहे की बाष्प आहे याचाच निर्णय नसताना त्यावरून अग्नी सिद्ध करावयास निघालेला मनुष्य. मला मात्र त्या क्षणी धर्मकीर्ती आठवला नाही. मी थांबावयास हवे होते. परंतु मागे वाहनांची रांग होती, घर दोन-अडीच मैलांवर होते, आणि अशा प्रसंगी बालपणापासून जे तोंडी येते ते रामरक्षास्तोत्र तोंडी आले. सीप्झचे वळण येते न येते तोच काटा थरथरला आणि सरसर खाली उतरला, तांबड्यातून मध्यावर आणि मध्यावरूनही खाली. वाफही थांबली. मी डोळे भरून त्या काट्याकडे पाहिले, मनोमन प्रभूचे आभार मानले, आणि निर्धास्तपणे गाडी पुढे हाकली.

पुढचा मैल संपण्यापूर्वी इंजिनातून ठकठक असा कोरडा आवाज येऊ लागला, ताकद गेली, आणि मरोशीच्या अलीकडे गाडी जी थांबली ती थांबलीच. काटा तेव्हाही खालीच होता.

मरोळमध्ये मिलिटरी रोडच्या बाजूला ज्या मिस्त्रींकडे मी ती गाडी ओढून नेवविली, ते रत्नागिरीकडचे. बोलणे मोजके, आणि हात कोपरापर्यंत ग्रीसने कायमचे रंगलेले. त्यांनी बॉनेटला हात लावला नाही. आधी माझी जबानी घेतली. ‘वाफ येत होती तेव्हा काटा कुठे होता?’ मी सांगितले. ‘आणि काटा उतरला तेव्हा वाफ होती का?’ मी आठवून सांगितले, की दोन्ही एकदमच गेली. त्यावर ते किंचित हसले आणि म्हणाले, ‘काका, काटा पाण्याचं सांगतो, लोखंडाचं नाही सांगत. पाणीच संपलं, मग तो सांगणार काय?’

या एका वाक्याने मला माझे जन्मभराचे पाठांतर परत वाचावयास लावले. तापमान दाखविणारे जे यंत्र असते त्याचा सेन्सर इंजिनातल्या पाण्यात बुडालेला असतो, आणि पाणी जितके तापेल तितका काटा चढतो. परंतु पाणी उकळून झाकणातून उसळून बाहेर गेले आणि उरलेल्याची पातळी त्या सेन्सरच्या खाली गेली, म्हणजे तो नुसत्या पोकळीत लोंबकळत राहतो, आणि त्याच्या भोवतीचे लोखंड भट्टीसारखे झाले असतानाही काटा सौम्यपणे खाली येऊन बसतो. नैयायिकांना ही गोष्ट दुसऱ्या रूपाने पुरती ठाऊक होती. धूर असेल तेथे अग्नी असतोच, पण अग्नी असेल तेथे धूर असतोच असे नाही, हे दाखविण्यासाठी ते तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण देत. त्यात अग्नी आहे, धूर मुळीच नाही. कारण धूर निघावयास नुसता अग्नी पुरत नाही, ओल्या सरपणाचा संयोग लागतो, आणि या संयोगालाच शास्त्रकार अग्नीवरून धूर सिद्ध करू पाहणाऱ्या अनुमानातला उपाधी म्हणतात. ओल गेली की खूण जाते. आग मात्र राहते, किंबहुना वाढते. तर्कसंग्रहातला तो तप्त लोहगोल मी कित्येक वर्षे फळ्यावर खडूने काढीत आलो होतो, आणि त्या दिवशी तोच लोहगोल चालवीत, वर देवाचे आभार मानीत, मी मरोळपर्यंत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर तपासणी झाली. डिपस्टिक बाहेर काढली तर तिच्यावरचे तेल दूध पडलेल्या चहाच्या रंगाचे निघाले, म्हणजे तेलाची आणि पाण्याची वाट अलग ठेवणारे हेड गॅस्केट उडाले होते. हे झाले परिणामाचे. मूळ कसूर कोणाची याचा शोध मिस्त्रींनी ज्या पद्धतीने घेतला ती न्यायशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याने पाहावी अशी होती. त्यांनी विचारले, की गाडी मरोळ नाक्याच्या सिग्नलला तुंबून उभी असताना तापते, की हायवेला पळताना? मी म्हटले, नाक्यावर अर्धा अर्धा तास उभी असते, तेव्हा फारसे काही होत नाही. पळताना आणि चढावर काटा चढतो. एवढ्यावर पंखा आणि त्याचा पट्टा निर्दोष सुटले. कारण उभ्या गाडीला वारा फक्त पंख्याचा असतो. पंखा लंगडा असता तर ती उभ्याउभ्या तापली असती, आणि पळू लागल्यावर समोरच्या वाऱ्याने उलट निवली असती. वारा भरपूर असताना जी तापते तिच्यात पाणीच वेळेवर फिरत नसले पाहिजे. अन्वय आणि व्यतिरेक यांची इतकी नितळ योजना मी वर्गात कधी केली नव्हती. मग त्यांनी ज्याला ते ‘वॉटर बॉडी’ म्हणतात त्या पंपाचा दांडा हलवून पाहिला, तो घट्ट होता. रेडिएटर उतरवून त्याच्या तोंडात बादलीभर पाणी ओतले, तर खालच्या नळीतून ते धो धो येण्याऐवजी म्हाताऱ्याच्या बोलण्यासारखे थांबत थांबत आले. पितळी टाकीची झाळ वितळवून वरचे तोंड उघडले तेव्हा नळ्यांची तोंडे चुन्यासारख्या पांढऱ्या थराने निम्म्याहून अधिक बुजलेली दिसली. सोसायटीच्या बोअरिंगचे पाणी मी वर्षानुवर्षे त्यात ओतीत आलो होतो; क्षार मागे ठेवून पाणी वाफ होऊन जाई, आणि मी पुन्हा तेच पाणी ओती.

परंतु खरा खुलासा यापुढेच झाला. थर्मोस्टॅट नावाची जी लहानशी झडप इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये असते, तिचे घर मिस्त्रींनी उघडले, तर ते रिकामे. ‘वॉल कुठंय, काका?’ मग मला आठवले. सहा वर्षांपूर्वी, काटा मध्याच्या थोडा वर राहतो अशी तक्रार घेऊन मी एका गॅरेजात गेलो होतो; तेथल्या माणसाने ती झडप काढून माझ्या हातावर ठेवली आणि सांगितले, की हिची जरूर थंड देशांत, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? त्या दिवसापासून काटा खालीच राहू लागला आणि मी त्या माणसाला दुवा दिला. वास्तविक काटा वर राहत होता तो नळ्या बुजू लागल्याची पहिली फिर्याद होती. झडप काढल्यामुळे सगळे पाणी सतत रेडिएटरमधून फिरू लागले, बारीकसारीक कामांपुरती बुजलेल्या नळ्यांचीही भागवाभागव झाली, आणि फिर्याद मिटविण्याच्या नावाखाली फिर्यादीचेच तोंड बंद झाले. नळ्या आतून बुजतच राहिल्या. शिवाय पेट्रोल जास्त लागू लागले, त्याचा दोष मी पंपावरच्या भेसळीला देत राहिलो.

थर्मोस्टॅटविषयी येथे थोडे विषयांतर करावेसे वाटते, कारण त्या झडपेवर अन्याय झाला आहे असे माझे मत बनले आहे. तिच्या पोटात मेण असते. पाणी साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या आसपास तापले की मेण वितळून फुगते आणि वाट उघडते, गार झाले की आखडते आणि वाट बंद होते. म्हणजे ती इंजिनाला थंड ठेवण्यासाठी नसून योग्य तितके तापलेले ठेवण्यासाठी आहे. इंधनातल्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते, एवढीच दुसरी धुराड्यातून जाते, आणि उरलेली पाण्याने वाहून न्यावयाची असते. पण ती सगळीच काढून नेली तर तेल घट्ट राहते, इंधन नीट जळत नाही, आणि इंजिन झिजते. उष्णता हा इंजिनाचा दोष नव्हे. तो त्याचा धर्म आहे. झाकणाचेही तसेच: चौरस इंचाला सात पौंड दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी शंभरऐवजी सुमारे एकशेदहा अंशांना उकळते, म्हणजे मर्यादेत कोंडलेले पाणी मोकळ्या पाण्यापेक्षा अधिक ताप सोसते. आणि म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडू नये, हे जाता जाता वाचकांस सांगून ठेवतो; तो दाब सुटताच पाणी तोंडावर येते.

गाडी गॅरेजात असताना आमच्या इमारतीत कारणांना तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या बाईंच्या मते बंपरला बांधलेली लिंबू-मिरची गेल्या शनिवारी गळून पडली होती आणि मी दुसरी बांधली नव्हती. माझे मेहुणे म्हणाले, राहुकाळात निघालात. एका स्नेह्याने प्रारब्ध म्हटले, आणि प्रारब्ध या शब्दापुढे कोणी वाद घालीत नाही. नैयायिकांनी अशा कारणांसाठी एक गाढव राखून ठेवलेले आहे. घडा घडण्यापूर्वी कुंभाराच्या अंगणात माती घेऊन गाढव आले होते हे खरे. पण म्हणून ते घटाचे कारण होत नाही, ते अन्यथासिद्ध. पूर्वी होते एवढ्यावर कोणी कारण होत नाही. कर्मविपाकावर माझा अविश्वास आहे असे नाही. परंतु तो सिद्धांत एवढेच सांगतो, की अकारण काही घडत नाही. आणि जो विचार शोधाला प्रवृत्त करावयाचा, त्याचा आपण शोध थांबविण्याचा शेरा केला आहे. प्रारब्ध म्हटले, की प्रकरण दफ्तरदाखल.

त्या मानाने आमच्या मरोळच्या शेजारच्या कोंडिवट्याच्या लेण्यांत, ज्यांना लोक महाकाली म्हणतात तेथे, जे भिक्षू इसवी सनाच्या आगेमागे राहून गेले, त्यांची भाषा मला गॅरेजाच्या अधिक जवळची वाटते: दुःख आहे, दुःखाला उगम आहे, त्याचा निरोध होतो, निरोधाला मार्ग आहे. योगसूत्रांच्या व्यासभाष्यातही रोग, रोगाचे कारण, आरोग्य आणि औषध अशी चिकित्साशास्त्राची हीच चौकडी आलेली आहे. त्या क्रमात पहिल्या पायरीवरून एकदम तिसरीवर उडी घेण्यास कोठेही सवड ठेवलेली नाही. आपण मात्र नेहमी तीच उडी घेतो, आणि काटा खाली आला की निरोध झाला असे समजतो.

येथवर मी मोटारीविषयी बोलत होतो असे वाचकास वाटले असेल, तर ते माझ्या संकोचामुळे. गाडी बंद पडण्याच्या तीन वर्षे आधी माझी पत्नी वारली. बारा दिवस मी रोज गीतेचा दुसरा अध्याय वाचला. कोणी भेटावयास आले तर त्यांनाच धीर दिला. तेराव्याला एका वृद्ध आप्तांनी सर्वांदेखत मला स्थितप्रज्ञ म्हटले, आणि मला ते आवडले, हे लपवीत नाही. पुढे कित्येक महिने मला काहीच वाटत नसे. मी त्यालाच शांती म्हणत होतो. फक्त माझी मुलगी एकदा रविवारी आली असता, स्वयंपाकघरातला पोळपाट धुता धुता म्हणाली, ‘बाबा, तुम्ही आईचं नावसुद्धा घेत नाही.’ मी म्हटले, ‘घेऊन काय होणार?’ ती काही बोलली नाही. पोळपाट उभा करून ठेवला आणि गेली.

वारकरी संप्रदायातल्या दोन कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत, पण त्या एकत्र ठेवून पाहत नाही. विसोबा चाटीने कुंभारांना मना केल्यामुळे मुक्ताबाईला मांडे भाजावयास खापर मिळेना, तेव्हा ज्ञानेश्वरांनी आपला जठराग्नी प्रदीप्त करून तापलेल्या पाठीवर मांडे भाजावयास दिले, ही एक कथा. आणि लोकांच्या निंदेने उद्विग्न होऊन तेच ज्ञानेश्वर कुटीचे दार लावून बसले असता त्याच धाकट्या बहिणीने ताटीचे अभंग म्हणून ते उघडविले, ही दुसरी. पहिलीत आग आहे, आणि तिच्यावर अन्न शिजते. दुसरीत बाहेरून पाहणाऱ्याला आग कोठेच दिसत नाही. दार बंद आहे, आत सामसूम आहे, आणि पाहणारा सामान्य असता तर महाराज समाधीत आहेत म्हणून हात जोडून परत गेला असता. मुक्ताबाई गेली नाही. बंद दारामागची शांतता ही शांती नव्हे हे तिने ओळखले, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे तिचा अधिकार या ओळखण्यात आहे.

गीतेने स्थितप्रज्ञाला जी उपमा दिली ती समुद्राची दिली, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा सांगितले असेन. आटलेल्या तळ्यातही लाटा नसतात. पण उपमा तळ्याची नाही. सर्व बाजूंनी नद्यांचे पाणी येऊन पडत असता जो भरलेला राहतो आणि तरी मर्यादा सोडीत नाही, त्याची ती उपमा आहे. विनोबांनी 1944 साली शिवनीच्या तुरुंगात त्या अठरा श्लोकांवर जी व्याख्याने दिली ती मी दोनदा वाचली होती. तरीही तेराव्या दिवशी भरलेल्याची पदवी मला मिळाली तेव्हा आतील पातळी सेन्सरच्या खाली गेलेली होती, आणि हे मला तीन वर्षांनी एका मिस्त्रींनी, दुसऱ्याच संदर्भात, सांगावे लागले.

मग नामस्मरणाने, स्तोत्राने, जपाने जी शांती मिळते तीही अशीच पोकळ समजावी काय? तसे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मी अजूनही रामरक्षा म्हणतो. परंतु दोहोंत भेद करावयाचा झाल्यास एक कसोटी मला त्या गॅरेजात मिळाली. हेड फेसिंगला जाऊन आले, गॅस्केट नवे बसले, रेडिएटरच्या नळ्यांतून सळया घालून क्षार काढला, आणि रिकाम्या घरात नवी झडप बसली, त्या दिवशी मिस्त्रींनी इंजिन चालू ठेवून रेडिएटरच्या जाळीवरून तळवा वरपासून खालपर्यंत फिरविला, आणि मलाही फिरवावयास लावला. सगळीकडे सारखेच गरम लागत होते, कोठे गार पट्टा नव्हता. मग आम्ही गाडी घेऊन जोडरस्त्याच्या चढावर गेलो. चढावर काटा मध्याच्या केसभर वर सरकला. माझा जीव खालीवर झाला. ‘असू दे,’ ते म्हणाले, ‘चढावर हलला पाहिजे. हलला नाही तर मला सांगा.’ उतारावर तो आपल्या जागी परत आला.

त्या संध्याकाळी मी मुलीला फोन केला आणि तिच्या आईविषयी तासभर बोललो. मधे मला थांबावे लागले.

गाडी आता दीड वर्ष चालते आहे. बोअरिंगचे पाणी बंद केले. तयार मिळणारे हिरवे कूलंट घालतो. काट्यावर भिस्त ठेवीत नाही. दर रविवारी सकाळी, इंजिन गार असताना, फडके धरून झाकण उघडतो आणि आत पाहतो. गेल्या रविवारी पाणी बोटभर कमी होते. का, ते अजून सापडलेले नाही. उद्या मिस्त्रींकडे जाणार आहे.